इंजेक्टर बदलायच्या आधी त्याचा प्लग उघडून बघा

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आयडलला थरथरते, पिकअप गेलाय, चेक इंजिनचा लाइट लागलाय. स्कॅनरवर पी०२०३ कोड आला. मेकॅनिक म्हणतात चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बदला. बदलू का?

उत्तर : अजिबात नको, आधी तपासा! पी०२०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमधे गडबड, आणि सर्किट म्हटलं की वायर, तिचा इंजेक्टरवर बसणारा प्लग (स्पार्क प्लग नव्हे), इंजेक्टरची कॉइल, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळंच त्यात आलं, मग बाकीच्या तिघांनी काय बिघडवलंय?

चावी बंद करून तिसऱ्याचा प्लग काढा आणि पिना टॉर्च मारून नीट बघा, हिरवट बुरशीसारखं काही दिसलं किंवा पिन सैल वाटली तर बहुतेक तिथंच घोडं अडलंय. वायर उंदरांनी कुरतडलीय का तेही बघा, पावसाळ्यात गाडी उभी राहिली की हे फार होतं. मग मल्टिमीटरने इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमधे नाही, त्याच्या तोंडाशी फवारणाऱ्या) गाड्यांमधे तो साधारण १२ ते १६ ओहम येतो, शेजारच्या इंजेक्टरशी ताडून बघा, मीटर ओपन (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवत असेल तर कॉइल तुटलीय, फक्त तोच बदला. कॉइल ठीक असेल तर प्लगमधे नॉइड लाइट (इंजेक्टरच्या जागी लावायचा छोटा टेस्ट दिवा) लावून स्टार्टर मारायला सांगा. लाइट लुकलुकला तर सप्लाय आणि ईसीयूचा सिग्नल दोन्ही येतायत. नाही लुकलुकला तर एका वायरवर १२ व्होल्ट येतात का बघा, येत असतील तर ईसीयूकडे जाणारी दुसरी वायर तपासा. टेस्टिंगसाठी वायरला सुई मात्र टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वायर आतून सडते.