मतदार यादीतला माझा पत्ता कोण कोण पाहू शकतं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच मतदार यादीबद्दलची आहेत. त्यातल्या एका पत्राला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे. ते पत्र वाचल्यावर इतर वाचकांचीही तक्रार राहणार नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. नवऱ्याचं घर सोडून मला दीड वर्ष झालं. कोर्टाकडून संरक्षण आदेश मिळालेला आहे. मुलीला घेऊन मी मुंबईतच, पण लांबच्या उपनगरात भाड्याने राहते. हा पत्ता माहेरच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. माझं नाव अजून सासरच्या पत्त्यावर आहे आणि मतदान केंद्र त्यांच्याच गल्लीतल्या शाळेत. फॉर्म ८ (पत्ता बदलण्याचा आणि नोंदीतल्या दुरुस्तीचा अर्ज) भरून नाव इकडे आणलं तर त्याला माझा पत्ता कळेल का? मत द्यायची माझी फार इच्छा आहे. मैत्रिणीचा किंवा मावशीचा पत्ता देऊ का?
— नाव, गाव राखून ठेवावे

उत्तर : हो, कळू शकतो. तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून आडवळण न घेता आधी हेच सांगितलं. आता कसा कळतो ते सांगते.

मी पालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि निवडणुकीच्या कामात बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी) म्हणून परळ-लालबागच्या चाळींतून यादी हातात घेऊन फिरलेली आहे. यादीच्या प्रत्येक चौकटीत मतदाराचं नाव, वडिलांचं, आईचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि इलेक्शन कार्डाचा क्रमांक असतो. त्या भागात कोणत्या गल्ल्या, कोणत्या इमारती येतात ते पहिल्या पानावर छापलेलं असतं. घर क्रमांक आणि पहिलं पान एकत्र वाचलं की माणूस दारापर्यंत पोहोचतो. ही यादी १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनुसार सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. मान्यताप्राप्त पक्षांना ती मोफत मिळते, आणि शुल्क भरून कोणीही प्रत मागू शकतं.

निवडणूक आयोगाने याबाबत काहीच केलेलं नाही असं नाही. २०१८ पासून संकेतस्थळावरच्या याद्या फोटोशिवाय आणि चित्राच्या स्वरूपात ठेवल्या जातात. शब्द टाकून शोधता येतील अशा याद्या द्याव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेटाळली. यामुळे लाखो नावं यंत्राने उपसणाऱ्याचं काम अवघड झालं. तुमचा धोका मात्र वेगळा आहे. तुमच्या नवऱ्याला लाखो नावं नकोत, त्याला एकच नाव हवं आहे. तुमचं नाव, वय आणि नातेवाइकाचं नाव टाकलं की आयोगाच्या संकेतस्थळावर यादीचा भाग आणि अनुक्रमांक मिळतो. मग तो भाग उघडायचा आणि त्या क्रमांकाची चौकट वाचायची, एवढंच.

तुमच्यासारख्या बायका विचारतात की पतीऐवजी आईचं नाव लावलं, लग्नाआधीचं आडनाव परत घेतलं, तर चालेल का? फॉर्म ८ मध्ये या दुरुस्त्या कायदेशीरपणे करता येतात आणि नावावरून शोधणाऱ्याची वाट त्याने अवघड होते. पण एक फट उरते आणि तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. घर बदललं तरी इलेक्शन कार्डाचा क्रमांक तोच राहतो. त्या क्रमांकावरूनही शोध घेता येतो. तुमच्या जुन्या कार्डाची झेरॉक्स सासरच्या कपाटात असेल, आणि ती नसली तरी सासरच्या पत्त्यावरच्या जुन्या यादीत तो क्रमांक छापलेला आहेच.

मग करायचं काय? नाव हलवण्याची घाई करू नका. फॉर्म ८ भरला नाही म्हणून तुम्हाला दंड होणार नाही. मात्र तुम्ही तिथे राहत नाही असं सांगून त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार फॉर्म ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरू शकतो. चौकशीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाईल आणि ती तुमच्या हातात कधी पडणारच नाही. म्हणून आपलं नाव अधूनमधून स्वतः तपासत राहा. तुमचा मोबाइल क्रमांक नोंदीला जोडलेला असेल तर त्यावरूनही तपासता येतं. हा क्रमांक यादीत छापला जात नाही, त्यामुळे तो द्यायला भिऊ नका. मतदानाच्या दिवशी जुन्या केंद्रावर जायचं ठरवलंत तर आधी त्या पोलीस ठाण्यात आणि तुमच्या संरक्षण अधिकाऱ्यांना आदेशाच्या प्रतीसह लेखी कळवा. सकाळी सातला, रांग लागायच्या आत, सोबत कोणीतरी घेऊन जा. केंद्राबाहेर पोलीस असतात आणि आदेश मोडणं हा गुन्हा आहे, हे त्यांना माहीत असायला हवं.

मैत्रिणीचा किंवा मावशीचा पत्ता देऊ का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. जिथे तुम्ही खरोखर राहत नाही तो पत्ता देऊ नका. मतदार नोंदणीत खोटं निवेदन केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि सासरच्या वकिलाच्या हातात तुम्ही आयतं कोलीत द्याल. माहेरी तुमचं खरोखर जाणं-येणं, राहणं असेल आणि सध्याचं घर तात्पुरतं असेल, तर गोष्ट वेगळी. तात्पुरत्या गैरहजेरीने माणसाचं नेहमीचं निवासस्थान बदलत नाही, असं त्याच कायद्याचं कलम २० सांगतं. त्याबद्दल तुमच्या वकिलांशी बोला.

आता जे माझ्या मनाला लागलं आहे ते लिहिते. तुम्ही निवारागृहात असता, तर तुमच्या मागणीवरून तुमची ओळख नवऱ्याला सांगायची नाही असं बंधन त्या गृहावर असतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत ते लिहिलेलं आहे. म्हणजे अशा बाईचा पत्ता लपवायला हवा हे आपल्या कायद्याला कळतं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना मतदार कार्ड आणि रेशन कार्ड द्या, पण त्यांची ओळख गुप्त ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बजावलं. कामाठीपुऱ्यातल्या बायकांसाठी ती फार मोठी गोष्ट होती. एवढं सगळं असूनही संरक्षण आदेश हातात असलेल्या बाईसाठी मतदार यादीत एकही रकाना नाही, एकही फॉर्म नाही. ब्रिटनमध्ये अशा मतदाराची नोंद नाव-पत्ता न छापता होते. ऑस्ट्रेलियात नाव राहतं, पत्ता झाकला जातो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पीडितांना सरकार पर्यायी टपाल पत्ता देतं. वॉशिंग्टन राज्याने ही सोय १९९१ मध्येच सुरू केली. आपल्याकडे हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. सैन्यातल्या मतदारांची नावं आजही यादीच्या शेवटच्या वेगळ्या भागात येतात. न्यायालयाचा आदेश पाहून मतदार नोंदणी अधिकाऱ्याने अशा स्त्रियांची नावंही मतदारसंघाच्या एका वेगळ्या भागात, घर क्रमांकाशिवाय घ्यावीत. नाव मोजता येईल, दुबार आहे का ते तपासता येईल, फक्त दार सापडणार नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना मी असं पत्र लिहिते आहे. तुमच्या पत्रातला मजकूर, ओळख पटेल असं सगळं काढून, त्यासोबत जोडू का ते कळवा. तुमच्या होकाराशिवाय जोडणार नाही.

प्रश्न : मतदार याद्या लोकांपासून लपवा असं आजकाल कोणीही बोलतं. माझ्या वडिलांचं नाव १९९५ च्या यादीत सापडलं म्हणून आम्ही एसआरएमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) पात्र झालो. याद्या बंद केल्या तर आमच्यासारख्यांनी पुरावा कुठून आणायचा?
— एक वाचक, गोवंडी

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि वरच्या बाईंच्या उत्तरासोबत ते वाचलं जावं असं मला वाटतं. मुंबईच्या झोपडपट्टीत मतदार यादीचा जुना उतारा हा घराचा कागद असतो. आधी १ जानेवारी १९९५, पुढे १ जानेवारी २०००, या तारखांच्या आत तुम्ही तिथे होतात हे दाखवायला भाडेपावती नसते, लाइट बिल दुसऱ्याच्या नावावर असतं, आणि मग निवडणूक कार्यालयातल्या जुन्या यादीचं ते एक पान कामाला येतं. प्लास्टिकच्या पिशवीत, गणपतीच्या तसबिरीमागे जपून ठेवलेली अशी पानं मी घरोघर पाहिली आहेत.

यादी उघडी असते म्हणूनच चुका सापडतात. १५ जानेवारी २०२६ ला झालेल्या पालिका निवडणुकीआधी मुंबईच्या प्रारूप यादीतली दुबार नावं किती गाजली ते तुम्ही पाहिलंतच. बिहारमध्ये यादीतून वगळलेली सुमारे ६५ लाख नावं कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं. ती नावं झाकलेली राहिली असती तर आपलं नाव गेलं हे लोकांना मतदानाच्या दिवशी केंद्रावर कळलं असतं. म्हणून यादी बंद करा, या मताची मी नाही. जिवाला धोका असलेल्या थोड्या लोकांचा पत्ता झाकायचा आणि बाकी यादी प्रत्येकाला तपासता यायला हवी. या दोन्ही गोष्टी एका वेळी होऊ शकतात.

तुमच्याकडचा १९९५ चा उतारा साक्षांकित आहे ना? नसेल तर आत्ताच साक्षांकित प्रत काढून ठेवा.

प्रश्न : गेल्या विधानसभेला आमच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये मतदान केंद्र आलं. सोय झाली. पण निकालानंतर एका पक्षाचा माणूस म्हणाला, “तुमच्या कॉम्प्लेक्सने आम्हाला दिलं नाही, आता पाण्याचं काम सांगू नका.” त्याला कसं कळलं?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : तुमचं एकट्याचं मत त्याला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. पण केंद्रनिहाय आकडे नमुना २० या निकालपत्रकात जाहीर होतात. केंद्रावर मुख्यतः एकाच संकुलातले मतदार असले की आकडा त्या संकुलाचाच होतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात आयोगाला वाटलं तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता येत. यंत्रांची मोजणी केंद्रानुसारच होते. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं उपकरण आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानेही मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. पत्त्याच्या गुप्ततेबद्दल बोलताना आपण माणसाचा विचार करतो. इमारतीला, वस्तीला, पाड्यालाही हे लागू आहे, आणि टॉवरपेक्षा छोट्या वस्तीला त्याची झळ जास्त बसते, कारण तिथे पाण्याचा नळ खरंच तोडला जाऊ शकतो. तो माणूस जे बोलला ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि पाण्याची तक्रार वॉर्ड ऑफिसात लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी आहे. निवडणूक आली की कार्यकर्ते सभासदांचे मोबाइल नंबर मागतात. म्हणतात, यादी तर पब्लिकच असते. द्यावे का? आणि माहितीच्या अधिकारात कोणी माझा फॉर्म ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) मागितला तर त्याला मिळेल का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : नंबर देऊ नका. मतदार यादी खुली आहे, पण तिच्यात मोबाइल नंबर नसतो. म्हणूनच तर ते तुमच्याकडे येतात. यादीतलं नाव आणि तुमच्या रजिस्टरमधला नंबर एकत्र आले की घराघरावर फोन सुरू होतात. सभासदांनी तो नंबर पाण्याच्या टाकीच्या निरोपासाठी आणि मेंटेनन्ससाठी दिलेला आहे. कार्यकर्ता ओळखीचा असेल तर संकोच वाटतो हे मला समजतं. तेव्हा “कमिटीच्या ठरावाशिवाय देता येत नाही” असं सांगा, आणि पुढच्या बैठकीत नंबर कोणालाही द्यायचे नाहीत असा ठराव खरोखरच करून घ्या.

नवा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तो लागू झाला तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याने जाहीर करणं बंधनकारक असलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे मतदार यादीतल्या नोंदीला त्याचं संरक्षण मिळणार नाही. तुमच्या रजिस्टरमधले नंबर अशी जाहीर करायची माहिती नाहीत.

फॉर्म ६ बद्दल : याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू आहे. वैयक्तिक माहिती नाकारणं आता अधिकाऱ्याला पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, सार्वजनिक हिताचा अपवाद मात्र कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे. पत्रकारांची आणि कार्यकर्त्यांची या बदलावर मोठी हरकत आहे. मलाही ती पटते, कारण त्याच कलमाखाली अधिकाऱ्याच्या गैरव्यवहाराची कागदपत्रंही नाकारता येतील. नोंदणी नियमांखाली कागद पाहू देण्याची वेळ आली तर फॉर्मवरचा आधार क्रमांक झाकूनच तो दाखवावा, अशा आयोगाच्या सूचना आहेत. आधार देणं ऐच्छिक आहे. अजून दिलेलं नसेल तर फॉर्म ६ ब, म्हणजे आधार क्रमांक कळवण्याचा अर्ज, भरण्याआधी विचार करायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे.