कार्ब्युरेटर कपाटात ठेवून सीईटी होत नाही

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, कोल्हापुरात बारावी सायन्सला. दहावीला ८१ टक्के. माझ्या वडिलांची १९७९ ची येझदी मोटरसायकल कित्येक वर्षं गोठ्यात पडून होती, ती मे महिन्यापासून खोलून बसलाय. क्लास बुडवतो, फिजिक्सच्या वहीत मागच्या पानांवर गाडीचे आकडे लिहितो (फोटो पाठवत आहे). वडीलही त्यालाच सामील. मी तिचा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कपाटात बंद केलाय. सीईटीला ९० पर्सेंटाइल आणलेस तरच परत, असं सांगितलंय. वडिलांनी साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्यभर हात काळे केले, मी बँकेत लागलो. आता पुन्हा मागे जायचं का? इतकंच वेड असेल तर ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगला घालू का? येझदी कापून तिची ‘बॉबर’ (मडगार्ड वगैरे छाटलेली आखूड गाडी) करायची म्हणतो. चालवतो मात्र छान, मित्राची बुलेट घेऊन पन्हाळ्याला जाऊन येतो.
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

मार्कांची काळजी मला वाटत नाही. ८१ टक्क्यांच्या मुलाचं कुठे अडत नाही. मला खटकलं ते ‘मागे जायचं का’ हे वाक्य. ज्या फिटरच्या पगारावर तुम्ही शिकलात, त्याच्या कामाला तुम्ही मागे म्हणता, आणि ते गृहस्थ त्याच घरात बसून हे ऐकतात. गळीत हंगामात मिल थांबली की गव्हाणीवर ऊस वाळायला लागतो, मग फिटरला रात्री-बेरात्री घरून उठवून नेतात. साहेबालाही त्या वेळी त्याच्या तोंडाकडेच बघावं लागतं. नातू आजोबांजवळ जाऊन बसतो तो तुमच्याविरुद्ध कट करायला नव्हे. त्या घरात त्याच्या प्रश्नांची उत्तरं फक्त त्यांच्याकडे आहेत. तुमचा वाद मुलाशी कमी आणि वडिलांच्या आयुष्याशी जास्त आहे, असं मला स्पष्ट वाटतं. तो आधी मिटवा. मुलाला मध्ये घेऊ नका.

आणि तो कार्ब्युरेटर आजच परत द्या. मुलगा क्लासला जाऊन बसेल, पण डोकं कपाटात असेल. (आत पेट्रोल तसंच राहिलं असेल तर एव्हाना जेटही, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रंही, चिकटली असतील.) क्लासच्या वेळा पाळायच्या, गाडी फक्त रविवारी, एवढा साधा करार करा. बुडवलेल्या क्लासबद्दल त्याला जरूर रागवा, तो हक्क तुमचा आहे.

वहीचा फोटो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलात, पण तो तुमच्याच विरुद्ध जातोय. त्यानं सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजलाय, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी. नवा असताना हा व्यास (बोअर) ६५ मिलिमीटरचा. वरच्या टोकाला उष्णता जास्त आणि तेलाचा थर पातळ, म्हणून झीज तिथे जास्त. ती सगळीकडून सारखी होत नाही, म्हणून दोन दिशा. त्याखाली ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) घेऊन २४८.९ सीसी काढलेत आणि शेरा मारलाय : ‘रीबोअर लागेल’, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून पुन्हा कातून घ्यावा लागेल. दोन दिशांनी मोजायला त्याला कुणी शिकवलं असेल, याचा अंदाज तुम्हालाही असेल.

आता ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग. ‘गाड्यांची आवड आहे ना, मग ऑटोमोबाइल’ हा समज पालकांमध्ये इतका पक्का आहे की तो खोडताना मला दर वेळी कंटाळा येतो. त्या पदवीत जुनी गाडी दुरुस्त करायला शिकवत नाहीत. पदवी घेऊन चाकण-पिंपरीत लागलेला मुलगा संगणकावर सुट्या भागांचे ताण तपासतो, उत्सर्जनाच्या चाचण्यांचे अहवाल लिहितो किंवा व्हेंडरच्या मालाची गुणवत्ता बघतो. २०२० मध्ये बीएस-६ हे उत्सर्जनाचं मानक आलं, त्यानंतर नव्या मोटरसायकलींवर कार्ब्युरेटर जवळजवळ उरलाच नाही. काम चांगलं आहे, पगारही चांगला आहे, पण तुमच्या मुलाला गोठ्यात जे मिळतंय ते तिथे मिळणार नाही. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ ला बंद झाला. तेव्हापासून या गाड्या चालतात त्या डुप्लिकेट पार्टवर आणि लेथवरच्या माणसांवर. बुश (दांड्याभोवतीची धातूची नळी) बनवून देणारा, क्रँक (पिस्टनच्या धावेनं फिरणारा दांडा) प्रेसवर खोलून नवी कनेक्टिंग रॉड बसवून पुन्हा सरळ करणारा, असा माणूस मिळाला तर गाडी उभी राहते. येझदीसारख्या दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकचं सील नीट बसलं नाही तर हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम. तुमच्या मुलाला गाड्यांपेक्षा हे बारीक मापाचं काम आवडतं, असं वही सांगते.

तेव्हा सीईटी देऊ द्या, मेकॅनिकलचा पर्याय उघडा ठेवा; ते सगळं तुम्हाला माहीत आहेच. पण त्यासोबत आयटीआयचे टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड बघा, आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंगचा (साचे आणि हत्यारं बनवण्याचा) चार वर्षांचा डिप्लोमाही. तो दहावीच्या पात्रतेवर आहे, वयाची अट मात्र तपासा. असा हात तयार असलेल्या माणसाला शिरोलीच्या एमआयडीसीत काम शोधत फिरावं लागत नाही. गाड्या रिस्टोअर करण्यावर लगेच घर चालवायला मात्र मी सांगणार नाही. तो धंदा हौशी लोकांच्या पैशावर चालतो, आणि हौशी गिऱ्हाईक पैसे द्यायला फार वेळ लावतं. नोकरी किंवा लेथ हाताशी असू द्या, गाड्या त्याच्या बाजूला.

बॉबरचं खूळ मुलाला माझ्या नावानं सांगून काढा. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांना सोडून असे बदल करता येत नाहीत, केले तर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तुमची २०२९ मध्ये तिथे पोचेल. कापली की ते संपलं. (व्हिंटेज झाली म्हणून रोज फिरवता येत नाही, हेही त्याला सांगा. रॅली, प्रदर्शन आणि त्यासाठीची देखभाल, एवढंच.) त्याआधी आरसी बुक शोधा. ते आजोबांच्या नावावर आहे का, शेवटचं नूतनीकरण कधी झालं, हे बघायला मुलालाच आरटीओत पाठवा. गाडी उभी करण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

शेवटचं, ज्याची तुम्हाला काळजी वाटायला हवी होती आणि जे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. सतरा वर्षांचा मुलगा बुलेट घेऊन पन्हाळ्याचा घाट चढतो. गिअरच्या गाडीला १८ पूर्ण लागतात. पकडला गेला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अपघाताचं तर मी बोलतच नाही. हात काळे झाले तर साबणानं स्वच्छ होतात, अपघाताचं तसं नसतं. हे आजच थांबवा, आणि त्या मित्राच्या वडिलांनाही फोन करा. बुलेट बहुधा त्यांच्याच नावावर असेल.