एफडी मोडून, सोनं गहाण टाकून अजून दोन सीझन खेळू का?

फोंड्याच्या एका गोल्फरने विचारलंय. वय ३४, पीजीटीआयवर (भारतातली व्यावसायिक गोल्फ टूर) सात वर्षं, बायको शिक्षिका, एक मुलगी. गेल्या वर्षी २० स्पर्धा, ९ वेळा कट पार (म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरच्या चाळणीतून पुढे), बक्षिसं ६ लाख ४० हजार आणि खर्च १० लाख. ८ लाखांची एफडी आहे, ती मोडून वर बायकोचं सोनं गहाण ठेवून आणखी दोन सीझन खेळावं, की रिसॉर्टवर ३५ हजारांची शिकवायची नोकरी धरावी?

दादा, आधी सोन्याचं सांगतो, त्याला हात लावू नका. घर आत्ताच वहिनींच्या पगारावर चाललंय, तेवढं ओझं पुरे.

आता तुमचा हिशोब. ६ लाख ४० मधले २ लाख ४० एकाच आठवड्यात आले, तो आठवडा बाजूला काढा, उरलेल्या १९ आठवड्यांत ४ लाख, म्हणजे आठवड्याला सरासरी २१ हजार, आणि खर्च आठवड्याला ५० हजार. कट चुकला की हातात शून्य, पण हॉटेल, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), विमान सगळं द्यावंच लागतं. याच वेगाने दोन सीझनमध्ये ७ लाख २० हजार जातील, एफडी जवळजवळ साफ.

गोल्फर मुकेश कुमारचं उदाहरण तुम्ही दिलंत, ५१व्या वर्षी २०१६ मध्ये त्याने एशियन टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकली. खरंय, मलाही ते फार आवडतं. पण तोवर देशात तो शंभरावर स्पर्धा जिंकला होता हो, म्हणजे खेळच त्याला पोसत होता. तुमचं वय आड येत नाहीये, आड येतायत ते १९ आठवडे.

म्हणून माझं मत, खेळ सोडू नका पण २० नको, १० स्पर्धा खेळा. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद अशा ट्रेनने किंवा स्वस्तात जाता येईल अशा. आसाममधल्या दिग्बोईला गोव्यातून जाऊन यायचं म्हणजे निम्मं बजेट प्रवासातच जातं. एफडीतले फक्त ३ लाख यासाठी, तेही मोडून नाही, एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल घेऊन. कमी स्पर्धा म्हणजे ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे टूरच्या कमाईच्या क्रमवारीत, मागे पडायचा धोका आहे, तो मी लपवत नाही. गणेश चवथीपर्यंत बघा, सर्वात चांगला आठवडा वगळून बाकीचे आठवडे आपला खर्च काढतायत का. नसतील तर तिथेच थांबायचं.

रिसॉर्टशी बोलताना पगार मागू नका, फी मागा. पीएफ मिळणार नाही हे खरं, पण इन्कम टॅक्समध्ये खेळातला तोटा पगारातून वजा होत नाही, प्रोफेशनल फीमधून होतो. रिटर्न मुदतीत भरलं तर उरलेला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो आणि बक्षिसांवर कापलेला टीडीएसही परत मिळू शकतो. खर्च दाखवायला कॅडीला दिलेल्या पैशांची सही घेऊन ठेवा. अडचण एवढीच की गोव्यात पर्यटक ऑक्टोबर ते मार्च येतात आणि टूरचेही बरेच आठवडे त्यातच पडतात, त्यामुळे सुट्ट्या कशा मिळणार ते आधीच लिहून घ्या.

अपघात पॉलिसीत प्रोफेशनल खेळ वगळलेला असतो बऱ्याचदा, तो क्लॉज वाचा, मनगट गेलं तर शिकवणंही बंद.

आणि हे आकडे वहिनींना दाखवलेत का? तुमच्या मेलमध्ये त्यांचं मत कुठेच नाही. एफडीचं काहीही करायच्या आधी दोघं बसा, मग मला फोन करा.