तो गेला तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई. मी सहकारनगरला राहते, वय ५७, बँकेतून व्हीआरएस घेतलीये. आमचा कुत्रा गोट्या दिवाळीनंतर गेला. गावठीच होता, पावसात पार्किंगमधे सापडलेला, ११ वर्षं होता आमच्याकडे. किडन्या गेल्या. उन्हाळ्यात पाणी खूप प्यायला लागला तेव्हा मला वाटलं ऊन आहे म्हणून पितोय, मग जेवण कमी झालं तेव्हा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायची घाण, भयंकर वाढलेलं. डॉक्टरांनी घरी सलाईन द्यायला शिकवलं, मानेजवळची कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत, मग कातडीखाली पाण्याचा फुगा व्हायचा आणि तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा, मी तिथे हात फिरवत बसायचे. शेवटी त्याला उभंच राहता येईना, तोंडात फोड, उलट्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले आता झोपवूया, म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं सोडवूया. मी हो म्हटलं, सही पण मीच केली. ताई, इंजेक्शन दिलं तरी त्याचे डोळे उघडेच होते, माझ्याकडेच बघत होता, आणि डॉक्टर 'गेला' म्हणाले त्याच्यानंतर त्याने एक मोठा श्वास घेतला. तो जिवंत होता का हो? मी घाई केली का? घरात बोलायची सोय नाही. सासूबाई म्हणतात माणसं गेली तरी लोक तेराव्यानंतर कामाला लागतात, हे तर कुत्रं. मिस्टर काहीच बोलत नाहीत. भाची म्हणते मावशी तू अजून डिनायल स्टेजमधे आहेस, म्हणजे तो गेला हेच मानत नाहीयेस. अजूनही पोळ्या करताना शेवटच्या कणकेची छोटी पोळी लाटली जाते, बिनतेलाची, ती त्याची असायची. आणि एक, कुत्र्याचं दहावं वगैरे करतात का? हसू नका. – गोट्याची आई

उत्तर : हसण्यासारखं यात काहीच नाही. आधी त्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल लिहिते, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

झोपवताना जे औषध देतात ते भुलीच्याच जातीचं असतं, फक्त डोस खूप मोठा. शिरेतून दिलं की आधी शुद्ध जाते, काही सेकंदातच, त्यानंतर श्वास थांबतो आणि मग हृदय. म्हणजे श्वास थांबला तेव्हा गोट्याला काही कळतच नव्हतं. डोळे उघडे राहतात कारण मिटायला स्नायूंचं काम लागतं आणि ते काम तेव्हा थांबलेलं असतं, माणसांच्या पापण्या आपण हाताने मिटतो त्या का उगाच? तो तुमच्याकडे बघत नव्हता, तुम्ही त्याच्या तोंडासमोर बसला होतात. आणि नंतरचा तो मोठा श्वास, तो मेंदूच्या अगदी खालच्या भागातून आणि स्नायूंमधून येतो, हृदय थांबल्यावरसुद्धा एखाददोन वेळा येऊ शकतो, कधी ओठ थरथरतात, लघवी होते. हे डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम आहे, ते राहून जातं आणि घरचं माणूस महिनोन्महिने ते डोळे मनात घेऊन फिरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता उन्हाळ्यातल्या पाण्याचं. कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण ७५ टक्के काम गेलेलं असतं. उरलेल्या भागावर शरीर बराच काळ रेटून नेतं, त्यात कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत. तुम्ही आज ज्या माहितीवर स्वतःला दोषी ठरवताय ती माहिती मे महिन्यात तुमच्याकडे नव्हतीच, तेव्हा तुमच्यासमोर उन्हाळ्यात पाणी पिणारा एक कुत्रा होता बस्स. आणि घाई म्हणाल तर तोंडातले फोड हे रक्तात साठलेल्या विषारी घाणीमुळे येतात, म्हणजे आजार अगदी टोकाला गेला होता. अजून आठवडा थांबला असतात तर तुम्ही मला उलटं पत्र लिहिलं असतंत, की मी त्याला का तडफडू दिलं. सही तुम्ही केलीत म्हणून तो गेला नाही, तो किडन्यांनी गेला.

सासूबाईंशी भांडू नका, पण तेराव्याचा हिशोब मात्र मला मान्य नाही. माणूस गेल्यावर त्या तेरा दिवसांत काय काय होतं बघा ना. घरात चूल पेटू देत नाहीत, शेजारणी पिठलं-भात आणून देतात, लांबचे नातेवाईक येऊन बसतात, तेच तेच प्रसंग दहादा सांगितले जातात आणि लोक दहादा ऐकतात, रडलं तर कोणी का म्हणून विचारत नाही. मग तेराव्यानंतर माणूस कामाला लागतं ते या सगळ्याच्या जोरावर. तुम्हाला यातला एक दिवस तरी मिळाला का? गोट्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं असेल, भाजी चिरली असेल, कोणी आलं नसेल. दुःख तेवढंच आणि आधार शून्य, तर वेळ लागणारच.

आणि 'कुत्रं तर होतं' म्हणतात, पण कुत्र्यावर इतका जीव लावणं हे काही आजच्या लाडाचं खूळ नाही हो. जर्मनीत बॉनजवळ १९१४ मधे सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, एक पुरुष, एक बाई आणि सोबत कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांनी अलीकडे काढलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा व्हायरल आजार झाला होता आणि कोणी उबेत ठेवून, भरवून, साफसूफ केल्याशिवाय ते इतके आठवडे जगलंच नसतं. शिकारीला उपयोग शून्य अशा आजारी पिल्लाची कोणीतरी रात्ररात्र सेवा केली, तुमच्या सलाईनसारखीच.

भाचीला प्रेमाने सांगा, डिनायलपासून स्वीकारापर्यंतच्या त्या पाच स्टेजेस मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मधे मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांनी एकेक पायरी चढत जायचं असं त्याचं टाइमटेबल नाहीये. तुमचं एक दिवस बरं जाईल आणि दुसऱ्या दिवशी कणकेच्या परातीपाशीच रडू येईल, दोन्ही ठीक आहे. ती छोटी पोळी लाटली जातीये तोवर लाटा.

दहाव्याचं म्हणाल तर कुत्र्याचं दहावं करायची रीत आपल्याकडे नाही. पण श्राद्धाच्या पानातून कुत्र्यासाठी घास काढून ठेवायची रीत आपलीच आहे आणि दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आपणच पूजतो, तेव्हा संकोच कसला. एक रविवार ठरवा, फोटोपुढे दिवा लावा आणि ज्यांचा त्याच्यावर जीव होता त्यांना चहाला बोलवा, वॉचमनकाका, कामवाल्या मावशी, वरच्या मजल्यावरची मुलं, आणि त्यांना गोट्याच्या गोष्टी सांगायला लावा. त्याच्या नावाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण घालायचं तर सोसायटीत ठरलेल्या जागी, साधा भात-चिकन किंवा पोळी, पण बेदाणे घातलेला शिरा अजिबात नको, बेदाण्यांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होऊ शकतात.

मिस्टरांना एकदा विचारा, 'संध्याकाळी फिरायला जायच्या वेळी तुम्हाला काय होतं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. आणि झोप, जेवण पूर्ण बिघडलं असेल किंवा जगूच नये असं मनात आलं तर त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. कुत्र्यासाठी फोन केला म्हणून तिथे कोणी नावं ठेवत नाही.

प्रश्न : आमची मांजर चिंगी गाडीखाली गेली. मुलगी ६ वर्षांची आहे, तिला आम्ही सांगितलं की चिंगी गावाला गेलीये. आता ती रोज बाल्कनीत वाटी ठेवते आणि कधी येणार विचारते. काय करावं? – एक बाबा, धनकवडी

उत्तर : आजच संध्याकाळी खरं सांगा. पाच ते सात या वयात मुलांना कळायला लागतं की मेलेलं परत येत नाही, म्हणजे तुमची मुलगी बरोब्बर त्या उंबरठ्यावर आहे. 'चिंगीला गाडी लागली, तिचं शरीर बंद पडलं, ती मेली, आता तिला दुखत नाही आणि ती परत येणार नाही.' एवढं पुरे. झोपली असं म्हणू नका, रात्री झोपायलाच घाबरेल. आम्ही गावाला गेली म्हणालो कारण तुला वाईट वाटेल असं वाटलं, हेही सांगा. ती रडेल, मग खेळायला जाईल, परत येऊन तोच प्रश्न विचारेल, प्रत्येक वेळी तेच उत्तर द्या. आणि 'मी दार उघडं ठेवलं म्हणून गेली का?' असं काही तिच्या मनात आहे का ते हळूच विचारून घ्या, या वयाची मुलं असं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र कर्वेनगरला फ्लॅटवर राहतो. अडीच महिन्यांचं लॅब पिल्लू आणलं होतं, लसी झाल्यात असं विकणाऱ्याने सांगितलेलं, सहा दिवसांत पार्व्होने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या व्हायरल आजाराने गेलं. घर खायला उठतंय. लगेच दुसरं आणावं असं वाटतंय, आई म्हणते थांब. – रोहन (नाव बदललंय)

उत्तर : आईचं ऐका, आणि इथे प्रश्न नुसता मनाचा नाहीये. पार्व्होचा व्हायरस फरशीवर, गादीवर, बाल्कनीतल्या मातीत कित्येक महिने टिकतो, कधी वर्षभरही. नवीन पिल्लू आणलंत तर तुम्ही त्याला सरळ त्याच आजारात सोडाल. साध्या फिनाईलवर विसंबू नका, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून फरशी, बाथरूम, बाऊल धुवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. गादी, पट्टा, खेळणी टाकून द्या, कुंड्यांमधली माती पण. पुढच्या वेळी लसींचं कार्ड डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासकट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पिल्लाचे डोस १६ आठवड्यांपर्यंत चालू असतात, तो शेवटचा डोस होऊन दोन आठवडे झाल्याशिवाय त्याला तुमच्या फ्लॅटवर आणू नका. एखाद्या संस्थेतला पूर्ण लसी झालेला मोठा कुत्रा घ्यायची तयारी असेल तर साफसफाई झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, त्यामानाने लवकर आणता येईल.