दोन पत्रं आणि एक पावतीपुस्तक

प्रश्न : ताई, सहा वर्षांपूर्वी मी एका लहान खासगी विद्यापीठातून पदवीधर झालो. आमची तुकडी अवघी ५८ जणांची. अर्धी फी माफ होती, उरलेल्या अर्ध्या फीसाठी काढलेलं कर्ज अजून फेडतोय. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेचं छत गळायचं. दोन वर्षं अर्ज केले. छताखाली बादली आली, बस्स. आता दर वर्षी तिथून देणगीसाठी फोन येतो. फोन करणारी तिथलीच एखादी विद्यार्थिनी असते, तिला नाही म्हणताना जीभ जड होते. पण नव्या प्रवेशद्वारावर देणगीदारांची नावं कोरल्याचा फोटो पाहिला आणि डोकं फिरलं. तुकडीच्या ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं, एक छदामही द्यायचा नाही. मी काय करावं?
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : बादलीचं वाचून हसू आलं, राग मानू नकोस. अशाच एका लहान विद्यापीठाच्या देणगी कक्षात मी एकोणीस वर्षं काढली. आमच्याकडेही बादली होती, निळी. पाहुणे यायचे त्या दिवशी तिच्यावर कुंडी ठेवायचो.

आधी कर्जाचं बोलू. हप्त्यांची ओढाताण होत असेल तर देणगीचा विचारच करू नकोस. फी भरलीस, शिकलास, तो व्यवहार पुरा झाला. देणगी म्हणजे राहिलेला हप्ता नव्हे. फोनवरच्या मुलीला ‘यंदा जमणार नाही’ एवढं सांगितलं तरी पुरतं. विद्यार्थिनी असताना मीही हे फोन केलेत. स्पष्ट ‘नाही’ ऐकलं की सुटल्यासारखं वाटायचं. जीव खायचे ते ‘बघू, पुढच्या आठवड्यात कर’वाले, कारण पुढच्या आठवड्यात खरंच करावा लागायचा.

आता प्रवेशद्वार. देणगीदाराने ‘हे पैसे अमुकसाठी’ असं लिहून दिलं आणि संस्थेने ते मान्य केलं, की ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. कमानीचे पैसे कमानीलाच. आणि एकोणीस वर्षांत माझ्यासमोर एकाही देणगीदाराने अर्जावर ‘गळक्या छतासाठी’ असं लिहिलेलं मला आठवत नाही. छताला पाटी लावता येत नाही ना! कायम निधीचंही तसंच. ती देणगी गुंतवून ठेवायची, मूळ रकमेला हात लावायचा नसतो. दर वर्षी साधारण ४ ते ५ टक्के खर्चाला काढतात. म्हणजे एका मुलाला वर्षाला जेवढी शिष्यवृत्ती द्यायची, त्याच्या वीस-पंचवीस पट रक्कम आधी बाजूला ठेवावी लागते. त्यामुळे ताळेबंदात गुबगुबीत दिसणाऱ्या संस्थेचंही छत गळू शकतं. हे मी संस्थेची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. दोन वर्षं बादलीवर काढणं हा निव्वळ आळस होता. पण दोष नेमका कुठे आहे ते कळलं, तर पत्र नेमक्या माणसाला लिहिता येतं.

माझ्या कपाटात एक फाइल असायची, विद्यार्थी तातडी निधीची. या निधीत हेतू न लिहिता आलेल्या, लहान लहान रकमा जायच्या. वॉर्डनची सही झाली की त्याच दिवशी पैसे हातात. व्हाउचरवर कारणाचा रकाना एका ओळीचा. चष्मा फुटला. वडील गेले, घरी जायचं तिकीट. प्रबंधाची बांधणी. एका मुलाने फक्त ‘बूट’ असं लिहिलं होतं. आमच्या लेखापालांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून ते परत पाठवलं. मुलाने खाली लिहिलं, ‘सोमवारी मुलाखत आहे.’ दोघांची अक्षरं एकाच कागदावर, अजून डोळ्यांसमोर आहेत. ते व्हाउचर मंजूर झालं, पण मुलगा त्या प्रश्नचिन्हानंतर पुन्हा कधी काही मागायला आला नाही.

एवढ्याशा रकमेसाठी लोक मागे का लागतात, असंही तुझ्या मनात आलं असेल. बऱ्याच ठिकाणी रकमेपेक्षा डोकी मोजतात. अमेरिकेतल्या यूएस न्यूजच्या विद्यापीठ क्रमवारीत, किती टक्के माजी विद्यार्थी देणगी देतात यालाही गुण होते. तो निकष २०२३ मध्ये काढला. मोठ्या देणगीदारांना मात्र हा आकडा अजून आवडतो. देणगी कक्षातली माणसं आणखी एक गोष्ट चवीने सांगतात : अमेरिकन अब्जाधीश उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये, ते स्वतः जिथे शिकले त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी १.८ अब्ज डॉलर जाहीर केले, पण पदवीनंतरच्या वर्षी त्यांनी दिले होते ५ डॉलर. गोष्ट खरी आहे. मीही ती फार वेळा सांगितली, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर दर वेळी एकच भाव दिसला : मी काही ब्लूमबर्ग नाही.

ग्रुपवरच्या बहिष्काराबद्दल मात्र मला तिथल्या खुर्चीवरून जे दिसायचं ते सांगते. जो रागाने देत नाही आणि ज्याचा फोन नंबर बदलला, दोघांची नोंद एकच : ‘प्रतिसाद नाही’. तुमचा राग तिथे कुणाला दिसतच नाही! द्यायचं असेल तर अर्जावर ‘विद्यार्थी तातडी निधी’ असं लिही, असा निधी नसेल तर हेतूचा रकाना कोरा सोड. सोबत अभ्यासिकेच्या छताबद्दल एक पानाचं पत्र, त्यावर ५८ पैकी मिळतील तेवढ्या सह्या. द्यायचं नसेल तरी पत्र पाठव. कुलसचिवांना, देणगी कक्षाला नव्हे. आम्ही ते नुसतं फाइलला लावायचो.

लहान संस्थेत अशा सह्यांना वजन असतं. अमेरिकेतलं स्वीट ब्रायर हे मुलींचं लहानसं कॉलेज. मार्च २०१५ मध्ये ते बंद करत असल्याचं विश्वस्तांनी जाहीर केलं. माजी विद्यार्थिनींनी निधी जमवला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि जूनमध्ये तडजोड होऊन कॉलेज चालू राहिलं. पण त्या तडजोडीत नुसते पैसे नव्हते. नवे अध्यक्ष आले, विश्वस्तही बरेचसे बदलले.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. माझी शिष्यवृत्ती एका माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून येते. दर वर्षी त्यांना आभाराचं पत्र लिहावं लागतं. कार्यालयातून नमुना मिळतो. तो उतरवताना मला भीक मागितल्यासारखं वाटतं. वर्गात पूर्ण फी भरणाऱ्या मुली आहेत, त्यांना असलं काही करावं लागत नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तो नमुना फाडून टाक. आमच्या कक्षाने एकदा असाच नमुना वाटला होता. तीन मुलांच्या पत्रांत ‘आपल्या औदार्याच्या छायेत’ हे शब्द जसेच्या तसे, आणि तिन्ही पत्रं एकाच देणगीदाराला गेली. त्यांनी ती परत पाठवली, सोबत चिठ्ठी : ‘यातलं खरं कोणतं?’ नमुना मीच लिहिला होता.

पूर्ण फी भरणाऱ्या मुलींचंही सांगते. जिथे कायम निधी आहे तिथे प्रयोगशाळा, ग्रंथालय यांचा थोडाफार भार देणग्याच उचलतात. त्या मुलीही कुणाच्या तरी पैशावर थोड्या शिकतातच, फक्त त्यांना पत्र लिहायला कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात १८९२ पासून शिक्षणशुल्कच घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान १० तास काम करतो. सगळेच एका नावेत, त्यामुळे तिथे तुझ्यासारखं एकटं पडायला होत नसावं. तुमच्याकडे ही सोय नाही, तेव्हा अवघडलेपण येणारच. त्यात तुझं काही चुकत नाही.

पत्रात आभार एकदाच मान, एका ओळीत. मग तुझा एक दिवस सांग. सकाळी कोणता तास डोक्यावरून गेला, प्रयोगात काय फसलं, ग्रंथालयात कोणत्या खुर्चीसाठी धावाधाव होते. त्यांना त्यांच्या वेळची एखादी गोष्ट विचार. ते तिथेच शिकले आहेत, कदाचित ती खुर्ची त्यांनीही धरली असेल. माझ्या अनुभवात उत्तर अशा पत्रांना यायचं, औदार्याच्या छायेला कधीच नाही.

आणि शेवटी ‘आपली ऋणी’ लिहू नकोस. ‘आपली’ पुरे. खाली नाव, शाखा, वर्ष.