फक्त कानावर वाजवणाऱ्यानं संगीताचं शास्त्र शिकण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की भजनी मंडळात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवता, गाणं दोनदा ऐकलं की हातात बसतं, मग थिअरी शिकून नक्की काय मिळणार, आणि विशारदच्या परीक्षेला बसावं का.

शिका. विशारदचं खाली लिहितो. लोकांना वाटतं तेवढा त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

मी सोलापूरचा, पेटी वाजवतो. हा प्रश्न आमच्या घरात इतक्या वेळा भांडून झालाय की उत्तर जरा लांबणार. भांडण माझं आणि माझ्या थोरल्या मामांचं. मामा बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. गिरणी बंद पडल्यावर त्याच क्लॅरनेटवर त्यांनी घर चालवलं, म्हणून त्यांच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. मी गाण्याच्या क्लासला जायला लागलो तेव्हापासून माझं नाव पडलं ‘पुस्तकवाला’. घरात पाहुणे आले की ठरलेलं वाक्य: “ह्यो आमचा पुस्तकवाला. विचारा काय बी, सांगंल. वाजवाय सांगू नका फक्त.”

आता प्रसंग सांगतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच येईल. दिवाळी पहाटचा कार्यक्रम, जुळे सोलापुरात, मैदानावर मांडव. गायिका बाहेरगावच्या, सोबत एक पुरुष सहगायक. पेटीवर मी, तबला, पखवाज, टाळ. आयोजकांना नाट्यपदांसाठी क्लॅरनेट हवाच होता म्हणून मामा, आणि कीबोर्डवर तुमच्यासारखाच एक पोरगा. कान असा तयार की हेवा वाटावा. तालमीत गाण्यामधले सगळे पीस त्यानं मोबाइलवर एकदा ऐकून जसेच्या तसे काढले होते. पण गाणं कुठल्याही पट्टीचं असो, पठ्ठ्या वाजवणार पांढरी एकमधूनच, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी हाच सा धरून (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजायच्या). बाकीचं काम ट्रान्सपोजच्या बटणाचं: बोटं तीच, सूर सगळे वर-खाली सरकतात. मला वाटतं तुम्हीही हेच करता. रागावू नका, सोलापुरातले निम्मे बोर्डवाले हेच करतात.

पहाटे पाचला ताई घसा धरून आल्या. “काळी चार नाही व्हायची आज. पांढरी पाच घ्या.” अर्धा सूर खाली. सुरुवातीला यमनमधलं एक पद होतं. माझ्या पेटीला स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्याच सरकवून सा बदलायची सोय, नव्हती, त्यामुळे काळी चारचा सगळा हात सोडून पांढरी पाचचा घ्यायचा: तीव्र मध्यम (म) आला काळी एकवर, निषाद (नी) काळी तीनवर, बाकी सगळं पांढरं. मामांनी काही न बोलता बोटं सरकवली. पोरानं एकदा बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसला. तोपर्यंत त्याचंच बरोबर होतं, हे मान्य.

गंमत झाली शेवटी. अभंग संपता संपता ताईंनी सहगायकाकडे हात केला आणि त्यांनी ठेका न थांबवता गजर उचलला, ताईंच्या मध्यमाला सा धरून. भजनातल्या माणसाला हे नवीन नाही. बाई काळी चारमध्ये गातात, बुवा काळी एकमध्ये, म्हणजे बाईंचा मध्यम हाच बुवांचा षड्ज. दोघं एका मंचावर आले की हे होतंच. इथं पांढरी पाचचा मध्यम म्हणजे पांढरी एक. मी तिथं गेलो, मामा तिथं गेले. पोराची पंचाईत अशी की बटणामुळं त्याच्या बोटाखालच्या पांढरी एकवर पांढरी पाच वाजत होती. म्हणजे बुवांचा सा त्याच्या बोटांच्या हिशेबानं पांढरी चारवर आला, आणि पांढरी चारमधून तो आयुष्यात कधी वाजवला नव्हता. दुसरा उपाय, बटण पाच वेळा दाबून शून्यावर आणायचं. तिकडं टाळ चालू, पखवाज चढलेला, हा एका हातानं बटण दाबतोय आणि दुसरा हात सवयीनं पट्ट्यांवर पडतोय. जे काय वाजलं ते पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मग त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गजर संपेपर्यंत टाळ्या वाजवत बसला.

कार्यक्रम झाल्यावर मांडवामागे फराळाच्या ताटल्या घेऊन उभे होतो. मला वाटलं आता तरी मामा मान्य करतील. मामा चिवडा खात म्हणाले, “बघितलास का बे? मी कुठलं पुस्तक वाचलं होतं? गेलो का न्हाई मध्यमात?”

म्हणजे एकाच प्रसंगावर दोघांचा दावा.

आता माझं म्हणणं ऐका, कारण तिथं चिवड्यात ते पूर्ण सांगता आलं नाही. मामांच्या क्लॅरनेटच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला, कित्येक वर्षांपासून एक चिठ्ठी डकवलेली आहे. डावीकडं ‘पेटी’, उजवीकडं ‘आपलं’. पां. १ समोर पां. २. का. १ समोर का. २. पां. २ समोर पां. ३. का. २ समोर पां. ४. पां. ३ समोर का. ३. असं खालपर्यंत बारा ओळी, पां. ५ समोरच्या पां. ६ खाली दोन रेघा ओढलेल्या. बँडमधला क्लॅरनेट असाच असतो: त्यावर ‘सी’ची, म्हणजे पांढरी एकची, बोटं धरली की कानाला ‘बी फ्लॅट’ येतो, म्हणजे पेटीची काळी पाच. म्हणून पेटीबरोबर जुळवायचं तर वाजवणाऱ्यानं कायम एक पूर्ण सूर वर वाजवायचं. ट्रम्पेटचंही बहुधा हेच, आल्टो सॅक्सोफोनचा हिशेब निराळा. मामांना हे त्यांच्या बँडमास्तरांनी सांगितलं. त्या बँडमध्ये तेलुगू बोलणारे होते, कन्नड होते, उर्दू होते, आमचे मराठी होतेच. सगळ्यांना कळेल असं कोष्टक मास्तरांनी करून दिलं आणि पाठ करून घेतलं. चुकलं की त्या दिवसाच्या बिदागीतून कापायचे म्हणे.

हे शास्त्र नाही तर काय आहे?

मी हेच मामांना विचारलं. उत्तर आलं, “ते शास्त्र न्हाई, ती चिठ्ठी हाय.”

मला राग येतो तो इथं. ज्यांना शास्त्र कुणीतरी कोवळ्या वयात घोटून दिलं, तेच मोठेपणी सांगत फिरतात की आम्ही नुसतं कानावर वाजवतो. आणि पुढच्या पोराला सांगतात, “ऐक आणि वाजव.” मामांनी स्वतःच्या मुलालाही एवढंच सांगितलं. चिठ्ठी दाखवली नाही. तो बिचारा पेटीबरोबर बसला की सगळं बेसूर व्हायचं आणि मार खायचा, शेवटी क्लॅरनेट टाकून मोबाइल दुरुस्तीला लागला. त्याचा कान वाईट नव्हता. विष्णु दिगंबर पलुसकर आपल्या कुरुंदवाडचे, मिरजेला शिकलेले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं वर्गात, लिपीत लिहून, चारचौघांना शिकवता यावं म्हणून. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांत अडकलेल्या बंदिशी गोळा करून छापल्या. शंभर वर्षं उलटली तरी आमच्याकडं चिठ्ठी झाकणातच.

असो. तुमच्या कीबोर्डकडं येऊ.

बटण शून्यावर आणा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. डाव्या हातानं काळी तीन धरून ठेवा, तोच सा. वाजतोय भूप राग. आता पट्ट्या त्याच ठेवा, डावा हात फक्त काळी चारवर न्या: मधमाद सारंगाचे सूर. काळी पाचवर नेलात की मालकंस. काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. पाचच पट्ट्या, एकही बदललेली नाही, सा हलला की चेहरा बदलला. याला मूर्च्छना म्हणतात, आणि हे एकदा बोटांत आलं की मध्यमाला सा धरून कुणी गजर उचलला तर तुमचे हात मांडीवर जाणार नाहीत. पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकतात, आणि परीक्षेत व्याख्या लिहायला लावतात.

ऑर्केस्ट्रावाल्यांची आणखी एक सवय सांगतो. मालकंसातला अभंग आला की खाली साचा मेजर कॉर्ड, म्हणजे सा, शुद्ध ग, प एकदम, दाबून धरतात. वर गायक कोमल गंधार लावतोय, खाली तुमचा शुद्ध. कुणीतरी हटकलं की मेजरचा मायनर करतात आणि समजतात भागलं. नाही भागलं, त्या मायनरमध्ये पंचम (प) आहे, आणि मालकंसात पंचम वर्ज्य. पांढरी एकचा सा असेल तर पांढरी चार, काळी चार, पांढरी एक धरा. म, कोमल ध, सा. तिन्ही सूर रागातले. तुमच्या कानाला आजवर ‘काहीतरी खटकतंय’ एवढं कळत असणार. काय खटकतंय आणि त्याऐवजी काय दाबायचं, हे दोनदा ऐकून बसत नाही.

विशारद. शास्त्राचा पेपर मी दिलाय. दहा थाट (राग ज्यांत वाटून ठेवतात ते सात सुरांचे साचे) लिहा, अमुक पंडितांचं चरित्र लिहा, तालाची दुगुण, म्हणजे दुप्पट लय, लिहा. पोरं मारवा थाटात मारवा राग हे पाठ करतात. थाटात पंचम आहे, रागात नाही, मग हे कसं, असं कुणी विचारत नाही. भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात, दोघांचे सूर मात्र तेच पाच. म्हणजे थाट ही कप्पे पाडायची सोय आहे. खरा फरक हा की भूप गंधारावर बसतो आणि देशकार धैवतावर, सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. ज्यावर राग बसतो तो मुख्य सूर म्हणजे वादी, त्याच्या खालोखालचा संवादी. पेपरात ‘वादी ग, संवादी ध’ आणि ‘वादी ध, संवादी ग’ लिहून पूर्ण गुण मिळवणारी आणि वाजवायला बसलं की दोन्हींचा एकच भूप करणारी माणसं माझ्याबरोबर पास झालीत. मामांच्या ‘पुस्तकवाला’ला खतपाणी त्यांनीच घातलं.

दुसरी बाजू सांगायची राहिली, ती सांगतो. कान नसेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. पेटीवरचा आणि कीबोर्डवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, अर्धा सूर म्हणजे १०० सेंट धरून. हा आकडा पाठ करून तो गंधार ऐकू येत नाही, तानपुऱ्यासमोर बसावंच लागतं. आणि शाळेत संगीत शिक्षक व्हायचं मनात असेल तर प्रमाणपत्र मागतात, तिथं माझी मतं घेऊन काय करणार? बसा परीक्षेला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रापुरतंच वाजवायचं असेल, गायक ठरलेले, पट्ट्या ठरलेल्या, तर बटणावर आयुष्य निघतंही. आमचा तो पोरगा अजून वाजवतो, चांगले पैसे घेतो. त्या कार्यक्रमानंतर मात्र तो माझ्याकडं आला होता, मामांकडं नाही. पांढरी चारमधून भूप, मग यमन, मग सगळी गाणी, असं त्यानं करून घेतलं. मामांना हे मी मुद्दाम सांगितलं. “त्याला कानच होता,” म्हणाले.

क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी तिथल्या सरांना भूप आणि देशकार पाठोपाठ वाजवून दाखवायला सांगा. मग तुमच्या आवडीचं एक गाणं पांढरी चारमधून वाजवायला सांगा. चिडले तर दुसरा क्लास बघा.