आकडा सारखा, तरी एक गणवेश जास्त का उकडतो?

प्रश्न : उष्ण प्रदेशातल्या लष्करी गणवेशासाठी दोन कापडं हॉटप्लेटवर, म्हणजे घामेजलेल्या त्वचेसारख्या ओल्या, गरम धातूच्या पट्टीवर, तपासली. दोन्हींचा बाष्परोध, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं तो आकडा, जवळपास सारखाच आला. पण गणवेश शिवून अंगावर चढवले की एक जास्त उकडतो. चाचणी चुकली का?

उत्तर : आधी चाचणीच तपासा. या चाचणीच्या आयएसओ 11092 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पट्टी 35 अंश, हवाही 35 अंश, आर्द्रता 40 टक्के आणि वारा सेकंदाला 1 मीटर हवा. पट्टी आणि हवा एकाच तापमानाला असल्याने कोरडी उष्णता कुठेच वाहत नाही, लागणारी वीज सगळी पाण्याच्या वाफेसाठी खर्च होते. मोकळ्या पट्टीचं माप आधी घेऊन नंतर वजा केलं होतं ना? ओली पट्टी आणि कापड यांच्यामध्ये सेलोफेनचा पातळ पडदा असतो; त्याखाली हवेचा बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागी वाफ होत नाही आणि रोध खोटाच वाढतो. बोटाने मधून कडेकडे दाबत तो बाहेर काढा. कापड फुगून उचललं गेलं तरी खाली अडकलेली हवा आकड्यात भर घालते. किमान तीन नमुने घ्या.

हे सगळं नीट असेल, तर खरं कारण त्या सेलोफेनमध्येच आहे. ते वाफ सोडतं, पाणी अडवतं. म्हणजे कापडाला ओला घाम कधी लागतच नाही! घाम शोषून पसरवणारं कापड आणि भिजून अंगाला चिकटणारं कापड या चाचणीत सारखंच ठरू शकतं. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता नेतो. ठिबकून गेला तर जवळपास काहीच नेत नाही.

म्हणून शिवलेला गणवेश घाम येणाऱ्या मॅनिकिनवर, म्हणजे त्वचेतून पाणी सोडणाऱ्या माणसाएवढ्या गरम पुतळ्यावर, चढवा. त्वचा आणि हवा 35 अंशांवर ठेवा, आधी उघड्या मॅनिकिनचं माप घ्या. दोन्ही गणवेश एकाच मापाचे, एकाच शिवणीचे हवेत, नाहीतर कापडाऐवजी सैलपणाचीच तुलना होते. चाचणीआधी आणि नंतर गणवेश तोला. वजनातला फरक म्हणजे कापडात अडकलेला घाम.

शेवटी तेच माप चिलखत आणि पट्टे चढवून पुन्हा घ्या. चिलखताखाली वाफ जवळजवळ कोंडते, त्यामुळे कापडाचा फायदा बाह्या, काखा आणि मांड्यांपुरताच उरतो. उन्हाचा ताप यात कुठेच येत नाही, त्यासाठी दिव्यांखालची वेगळी चाचणी लागते.